पन्नास सेकंद, मग तीस

उमापूर, ता. गेवराई
८ डिसेंबर २०२४

उत्तरेश्वर,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. घरात फोन नाही म्हणून लिहितेय. माझा आणि ह्यांचा, दोन्ही फोन ह्यांच्या मालकांनी, धोंडीराम अण्णांनी, जिनिंगच्या ऑफिसात ठेवून घेतलेत. ड्रायव्हरांशी कोण बोलतं ते त्यांना बघायचंय. शेजारच्या मनकर्णा काकू फोन देतात, पण देऊन दारातच उभ्या राहतात.

झालं असं. अण्णांनी ह्यांना फाटकावरून काढलंय. कायमचं नाही, पण 'मी बोलावल्याशिवाय येऊ नको' म्हणालेत. दिवाळीआधी जिनिंगमध्ये नवे कॅमेरे बसले, त्यातला एक फाटकावर आहे. रुईच्या गाठी भरलेला ट्रक बाहेर निघताना फाटकाशी थांबतो, हे गेटपास बघतात, आणि नेमकं त्याच वेळी ऑफिसातल्या टीव्हीवरून फाटकाचं चित्र जातं. थोड्या वेळाने येतं, परत जातं, परत येतं. रिकामा ट्रक आला की काही होत नाही. अण्णांनी महिन्याभराची यादी छापून घेतली. अडतीस ट्रक. प्रत्येक वेळी भरलेला ट्रक, आणि प्रत्येक वेळी बाजूला हेच.

काय चोरीला गेलं ते कोणी सांगत नाही. अण्णा म्हणतात, गाठींची मोजणी हंगाम संपल्यावर होईल, पण काही चोरीला गेल्याशिवाय कॅमेरा आंधळा कशाला होईल. सगळ्यांसमोर त्यांनी ह्यांना विचारलं, "त्या टायमाला तू काय करतोस?" हे म्हणाले, "गेटपास बघतो." "आणि काय करतोस?" ह्यावर हे बोललेच नाहीत. तुला माहीत आहे, ह्यांच्यावर कोणी आवाज चढवला की ह्यांचं तोंड मिटतं. लोकांना ते कबूल केल्यासारखं वाटतं.

अण्णांनी जानेवारी अखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर खरं सांगितलं नाही तर ठाण्यात नाव देणार. तू तिकडे कॉम्प्युटरच्या कामात आहेस. कॅमेरा असा आपोआप बंद होतो का, एवढंच सांग.

शिवकन्या

श्रीपेरुंबुदूर
१५ डिसेंबर

आक्का, पाया पडतो.

तुझं पत्र चेन्नईजवळच्या ह्या साईटच्या ऑफिसात पडून व्हतं. इथल्या लोकांला मराठी अक्षर म्हंजे हिंदीच वाटतं, त्यांनी ते बिहारच्या पोरांत फिरवलं. माझ्या हातात आलं तवा लखोटा उघडा व्हता. कोनी उघडला ते कोनी सांगत न्हाई. पुढच्या येळी डिंकानं नीट चिकटव आन चिकटवल्यावर वरून सही मार.

इथं बी आत जाताना फोन गेटवर जमा करतेत. बारा तास मोठ्या गोदामात, बाहेर आलं की झोप. तीन वर्षांत ही माझी चौथी जागा. ही बी लई दिवस टिकंल असं वाटत न्हाई, पाय थांबत न्हाईत माझे. असू दे.

तू इचारलं, कॅमेरा आपल्याआप बंद व्हतो का. व्हतो. लाईट गेली, वायर तुटली, तर व्हतो. पन अडतीस येळा, दरयेळी भरलेलाच ट्रक म्होरं आन दरयेळी एकच मानूस बाजूला, असं आपल्याआप व्हत न्हाई. मी इथं नेटवर्क बगतो, मला म्हाईत हाय. कोनाचा तरी हात हाय.

आता कोनाचा. एक तर कॅमेरे बसवनारा. बिघडलं की परत बोलावतेत, त्याचं दुकान चालतं. दुसरा ट्रकच्या वजनकाट्यावर बसनारा भागवत. तो कंप्यूटरवर बसून काय करतो ते कोनाला कळतं? तिसरा तुझा नवरा. राग आला तर येऊ दे.

मी जिनवर, सरकी काढायच्या मशीनवर, व्हतो तवाचं तुला म्हाईत हाय. रोलरमंदी कापूस अडकला की पट्टा बंद न करता हात घालून काढायचो. तसंच काम पटापट व्हायचं. एक दिवस अण्णानं सगळ्या बायामान्सांम्होरं सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." कावून, तर हात घालतो म्हनून. अण्णा तर कदी आत येत न्हाई. त्या पाळीला आत आमी दोघंच व्हतो, मी आन तुझा नवरा. मंग अण्णाला कोनी सांगितलं? मी त्याला तोंडावर इचारलतं. तवा बी तो बोलला न्हाई. न बोलनाऱ्या मान्साचं मला तवापासून कळतं.

तरी तू म्हनतीस म्हनून इचारतो. कॅमेरा जातो तवा भागवतचा काट्याचा कंप्यूटर चालू असतो का? लुकलुकनाऱ्या दिव्याच्या डब्या, त्याला स्विच म्हनतेत, त्या किती हायत आन कुठं हायत? आन काम न्हाई तर तुझा नवरा दिवसभर जातो कुठं?

उत्तरेश्वर

उमापूर
२२ डिसेंबर

उत्तरेश्वर,

लखोटा चिकटवलाय आणि सहीही मारलीय. पोस्टातले गृहस्थ हसले.

फोन मागायच्या निमित्ताने जिनिंगमध्ये गेले. फोन मिळाले नाहीत, पण तू विचारलेलं बघून आले. डब्या तीन आहेत. एक ऑफिसात, एक फाटकाच्या केबिनमध्ये, एक गाठी दाबायच्या प्रेसच्या शेडमध्ये. प्रेसमधली जुनी, पिवळी पडलेली आहे, बाकी दोन नव्या. प्रत्येकीपासून बाकी दोघींना वायर गेलीय. भागवत म्हणाला, एक तुटली तर दुसरीकडून चालावं म्हणून तसं केलंय.

त्याला काट्याच्या कॉम्प्युटरचं विचारलं तर म्हणाला, "माझा कधीच बंद पडत नाही, वहिनी." हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहू नये असं वाटत होतं. हे रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन जातात. अंगणवाडीतून मी घरी येते तेव्हा घर बंद असतं. संध्याकाळी येतात, हातपाय धुतात, जेवतात. कुठे गेला होता विचारलं की म्हणतात, "इथंच." परवा मनकर्णा काकूंनी सांगितलं, हे जिनिंगसमोरच्या हॉटेलात बसतात, ट्रकच्या ड्रायव्हरांसोबत. ज्या ड्रायव्हरांसाठी आमचे फोन गेले त्यांच्यासोबतच. चित्र अजूनही जातंच, आणि अण्णा म्हणतात, हेच तिथून ड्रायव्हरांना खुणा करत असतील.

मग मी नको ते केलं. हे आंघोळीला गेल्यावर सदरा तपासला. खिशात वहीचा एक कागद होता. त्यावर ट्रकचे नंबर, एकाखाली एक, ह्यांच्या अक्षरात. काही नंबरांसमोर एक छोटा गोल आणि त्याला टेकून उभी रेघ. काहींसमोर गोल आणि रेघ लांब लांब. मला त्यातलं काही कळलं नाही. कागद होता तसा घडी करून ठेवला. 

लग्नाला अकरा वर्षं झाली. ह्यांना मी ओळखते असं मी कालपर्यंत म्हटलं असतं.

शिवकन्या

श्रीपेरुंबुदूर
२८ डिसेंबर

आक्का,

ट्रकचे नंबर कोन लिहून ठिवतं? ज्याला ट्रकाशी काम हाय तो. ज्याला फाटकावरनं काढलं त्याला आता ट्रकाशी काय काम? गोल म्हंजे ठरलं, रेघ म्हंजे मिळालं, असं कायतरी असंल. मला सांगायची गरज न्हाई, तुला कळलंय. तू बारावी झालीस.

तो कागद अण्णाच्या टेबलावर नेऊन ठिव. आपल्या हातानं ठिवलास तर तुझं नाव तरी साफ राहील. उद्या ठाण्यात त्याच्यासोबत तुला बी बसवतील, मंग मी दोन हजार कोसावरनं काय करू?

इथं काल एक गोष्ट बगितली. ती तुला सांगायची का न्हाई ते आजून ठरवलं न्हाई. तू एवढंच कर, अण्णाच्या छापलेल्या यादीत चित्र किती येळ जातं ते लिहिलं असंल, त्याचे आकडे उतरवून पाठव. पहिल्यांदा किती आन दुसऱ्यांदा किती. कावून ते इचारू नको.

उत्तरेश्वर

उमापूर
६ जानेवारी २०२५

उत्तरेश्वर,

आकडे आधी लिहिते, म्हणजे तुझं काम होईल.

अण्णांनी यादीची एक प्रत ह्यांच्या अंगावर टाकली होती, ती घरात आहे. चित्र पहिल्यांदा जातं ते पन्नास सेकंद. कधी एकोणपन्नास, कधी एक्कावन्न, पण पन्नासच धर. मग चित्र येतं. ते मिनिटभर राहतं किंवा चार मिनिटं, ट्रक उभा असेल तितकं. मग परत जातं ते तीस सेकंद. अडतीसपैकी पस्तीस वेळा असंच, पन्नास आणि तीस. फक्त तीन ट्रक लगेच निघून गेले, त्यांचं वेगळं आहे. अण्णा म्हणतात, पन्नास सेकंदांत माल हलतो आणि तीस सेकंदांत फाटक लागतं.

आता दुसरं. तू लिहिलंस तसा तो कागद घेऊन मी निघाले होते. शुक्रवारी, अंगणवाडी सुटल्यावर. जिनिंगच्या फाटकापर्यंत गेले. समोर हॉटेलात हे बसले होते, त्यांनी मला बघितलं, हाक मारली नाही. मी फाटकाच्या आत पाय टाकला आणि मला आठवलं की ह्याच रस्त्याने, अशीच कोणाचं तरी नाव सांगायला मी आधी एकदा आले होते.

उत्तरेश्वर, अण्णांना मी सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी, तुझं. मी डबा घेऊन आले होते, दारातून बघितलं, तू चालू रोलरमध्ये कोपरापर्यंत हात घातला होतास आणि मागे वळून ह्यांच्याशी हसत बोलत होतास. त्याच रोलरवर छबुबाईची दोन बोटं गेली तेव्हा मी तिथंच होते, ती बोटं पदरात घेऊन मी दवाखान्यापर्यंत गेले होते. तुला सांगून तू ऐकला असतास का? तू ऐकणारा नाहीस. मी सरळ ऑफिसात गेले, अण्णांना म्हणाले, त्याला काढा, पण माझं नाव सांगू नका.

मग तू ह्यांच्यावर संशय घेतलास. मी गप्प बसले. आज सांगू, पुढच्या भाऊबीजेला सांगू, करत तीन वर्षं गेली. तू येतोस, ओवाळून घेतोस, आणि ह्यांच्याकडे पाठ करून जेवतोस. मी वाढत असते.

हे न बोलणारे आहेत, पण त्या वेळी ते गुन्हेगार नव्हते. आता आहेत की नाही, मला माहीत नाही. मी फाटकातून परत फिरले. कागद परत त्यांच्या खिशात ठेवलाय. तुला राग धरायचा असेल तर माझ्यावर धर, पण त्या पन्नास सेकंदांबद्दल तुला काही ठाऊक असेल तर ते लपवू नकोस. जानेवारी अखेरीला आता फार दिवस राहिले नाहीत.

शिवकन्या

श्रीपेरुंबुदूर
२४ जानेवारी

दाजी, नमस्कार.

हे पत्र तुमाला हाय. आक्कानं वाचलं तरी चालंल, पन तिला मी लिहीत न्हाई.

उशीर झाला. तिचं पत्र आल्यावर मी काम सोडून निघालो व्हतो, चेन्नईच्या स्टेशनावर दोन दिवस बसलो, कुठल्या गाडीत बसायचं ते ठरंना. मंग परत आलो. मंजुषा मॅडमनं मला परत घेतलं. ह्या मॅडम नांदेडकडच्या, इथल्या खऱ्या इंजिनेर त्याच. मी इंजिनेर न्हाई, दाजी. गावात तसं सांगितलंय तेवढंच. मी शिडीवर चढून वायर ओढतो. मॅडम खाली बसून म्हनतेत 'काढ', मी स्विचमधली वायर काढतो. म्हनतेत 'लाव', मी लावतो. दहावी नापासाला तेवढं येतं.

आता ऐका. २७ डिसेंबरला मॅडमनं असंच वायर काढायला लावली. तीन स्विच गोलात जोडलेले, तुमच्या जिनिंगसारखेच. वायर काढली तसं समदं बंद पडलं. मॅडम घड्याळ बगत व्हत्या. पन्नास सेकंदानं दुसऱ्या वायरीतनं चालू झालं. मंग मला लावायला सांगितली. लावल्यावर तर बरं व्हायला पायजे ना? पन परत बंद, तीस सेकंद. मॅडम कुनाला तरी शिव्या देत म्हनल्या, ह्यातला एक डबा जुन्या चालीवर हाय.

म्हंजे पन्नास आन तीस मला आक्कानं आकडे पाठवायच्या आदीच म्हाईत व्हते. म्हनूनच मागवले. मी त्या दिवशी तिला सांगितलं न्हाई, कावून की मला वाटत व्हतं तुमी अडकलात तर बरं. हे लिहिताना लाज वाटती, पन लिहितो.

कसं हाय ते मॅडमनं मला असं सांगितलं. उमापूर, गेवराई आन तिसरं एक गाव. तिन्हींमंदी तीन रस्ते. तिन्ही उघडे ठिवले तर निरोप्या गोल गोल फिरत राहतो, पोचत कुठंच न्हाई. म्हनून स्विच आपसात ठरवून एक रस्ता काट्या टाकून बंद ठिवतेत. ह्याला स्पॅनिंग ट्री म्हनतेत. चालू रस्ता तुटला की काट्या काढायच्या. पन जुन्या चालीचा डबा लई संशयी. वीस सेकंद वाट बगतो, रस्ता खरंच तुटला का. मंग पंधरा सेकंद कान देऊन ऐकतो, पंधरा सेकंद कोन कुठं राहतं ते शिकतो, मंग रस्ता उघडतो. झाले पन्नास. तुटलेला रस्ता परत जुळला की नव्या रस्त्यावरच्या काट्या लगेच टाकतो, पन जुन्या रस्त्यावर परत पंधरा ऐकनं आन पंधरा शिकनं. झाले तीस. नव्या चालीचे डबे हेच एका सेकंदात करतेत, पन मंदी एक जुना असला की नव्याला बी त्याच्यासंगं हळू चालावं लागतं. तुमचा जुना म्हंजे प्रेसमधला पिवळा.

वायर एकच असली तरी तिच्यातनं तीन लायनी वेगळ्या चालतेत, कॅमेऱ्याची, काट्याची आन ऑफिसची. त्या वायरीला ट्रंक म्हनतेत. ट्रंक बंद म्हंजे तिन्ही बंद. म्हंजे कॅमेरा जातो तवा काट्याचा कंप्यूटर बी थांबतोच. भागवत खोटं बोलतो. कावून बोलतो ते म्हाईत न्हाई, पन कॅमेऱ्यावर कोनी फडकं टाकलं असतं तर काटा थांबला नसता.

आता ऱ्हायलं एकच. भरलेला ट्रक उभा ऱ्हायला की वायर तुटती आन निघाला की जुळती. म्हंजे चाकाखाली कायतरी हाय. ऑफिसातनं फाटकाकडं वायरीचा पाईप जमिनीतनं कुठनं गेलाय ते मला इथनं दिसत न्हाई.

तुमी असं करा. अण्णाला म्हना, तुमी ऑफिसात टीव्हीम्होरं बसा, मी तुमच्या बाजूला बसतो, माझे हात तुमच्याम्होरं टेबलावर. फाटकावर कोनी नको. भरलेला ट्रक ड्रायव्हरनं एकट्यानं आनून रोजच्या जागी उभा करायचा. अण्णानं स्वतः मोजायचं. पन्नास, आन ट्रक हलला की तीस. मंग तोच ट्रक दहा फूट मागं उभा करायचा, चित्र जानार न्हाई. भागवतला त्याच टायमाला कंप्यूटर दाखवायला लावा.

तुमी ह्याच्यावर बोलनार न्हाईत म्हनून हे पत्रच अण्णाच्या हातात द्या. आदलं वाक्य, तुमी अडकायची मी वाट बगितली ते, त्यानं वाचलं तरी चालंल. खोटं बोलनाऱ्यानं तसं लिहिलं नसतं.

स्पीड पोस्टानं टाकतोय. तारीख निघून जाऊ देऊ नका.

उत्तरेश्वर

उमापूर
३१ जानेवारी

उत्तरेश्वर,

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. ह्यांनी दारातच उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्याकडे दिलं. जेवले नाहीत, चप्पल घातली आणि म्हणाले, "चल."

अण्णांनी पत्र वाचायला एवढा वेळ लावला की मला वाटलं हे आता फाडणार. 'संशयी डबा' तिथे आल्यावर एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, बघू. काल सकाळी अकराला ठरलं.

हे अण्णांच्या शेजारी खुर्चीवर, दोन्ही हात टेबलावर. मी दारात. ट्रक येऊन उभा राहिला आणि चित्र गेलं. अण्णा मोठ्याने मोजायला लागले. तिसापर्यंत त्यांचा आवाज भांडल्यासारखा होता, चाळिसानंतर हळू झाला. एकोणपन्नासला चित्र आलं. फाटकावर माणूस नाही, ड्रायव्हर केबिनमध्ये बसून तंबाखू मळतोय. ट्रक पुढे काढला, परत गेलं, तीस. अण्णांनी ते चार वेळा करायला लावलं. चौथ्यांदा स्वतःच्या पुतण्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं. दहा फूट मागे उभा केला तर काहीच झालं नाही, तेही दोनदा.

भागवतला बोलावलं. तो आधी म्हणाला, माझा चालू असतो. मग ट्रक परत जागेवर उभा केला आणि त्याच्यासमोरच काट्याचा कॉम्प्युटर थांबला. तेव्हा म्हणाला, "मला वाटलं माझंच मशीन खराब आहे, अण्णा. सांगितलं तर मलाच बोलणार. थांबलं की मी चहाला उठायचो." अडतीस वेळा तो चहाला उठला आणि बाहेर हे चोर ठरत होते.

मग चाकाखाली काय आहे हा प्रश्न आला. अण्णा कॅमेरेवाल्याला फोन लावत होते, तेवढ्यात हे उठले आणि बोलले. "चला, दाखवतो." फाटकाच्या डाव्या हाताला एक दगड आहे, त्याच्यापासून दोन वीत अलीकडे ह्यांनी पहारीने खांदलं. हातभर खाली पाईप, आणि पाईपमध्ये आरपार गेलेला मांडवाचा लोखंडी खुंटा, वरून मोडलेला. वायर अर्धी चिरलेली. भरलेल्या ट्रकचं पुढचं चाक खुंट्याशेजारी टेकलं की पाईप दबायचा.

तो खुंटा दिवाळी पाडव्याच्या काटापूजनाचा, हंगाम सुरू करताना वजनकाट्याची पूजा करतात त्या वेळचा. मांडव आत घालायचा होता. फोटोत जिनिंगची पाटी यावी म्हणून अण्णांनी स्वतः तो फाटकाशी सरकवायला लावला होता, आणि पहिला घाव मुहूर्ताचा म्हणून त्यांनीच घातला होता. खुंटा वर आल्यावर अण्णांनी विचारलं, "हा कोणी ठोकला?" त्यांना स्वतःलाच आठवलं असावं, कारण परत विचारलं नाही.

त्या कागदावरचा गोल म्हणजे चाक आणि रेघ म्हणजे तो दगड. इतके दिवस हे हॉटेलात बसून बघत होते, कुठला ट्रक दगडाला टेकून थांबतो. ड्रायव्हरांना विचारायचे, तुझ्या ट्रकच्या वेळी चित्र गेल्याचं आत कोणी बोललं का. टेकून थांबला की जायचं, लांब थांबला की नाही. एवढं कळलं होतं, का ते कळत नव्हतं. रस्त्यात मी म्हणाले, मला का नाही सांगितलं. म्हणाले, "तुम्ही सगळे विचारत होतात तू काय केलंस. काय दिसलं ते कोणीच विचारलं नाही."

अण्णांनी फोन परत दिले. सोमवारपासून ये म्हणाले. चुकलं असं म्हणाले नाहीत. ह्यांच्या खुर्चीसमोर आणखी एक कॅमेरा लावायचं मात्र सांगितलंय.

रात्री मी ह्यांना तीन वर्षांपूर्वीचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला माहीत होतं. अण्णांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी विचारलं, मग तो तुम्हाला तोंडावर विचारत होता तेव्हा गप्प का राहिलात? म्हणाले, "त्याला कोणावर तरी राग धरायचाच होता. तुझ्यावर धरला असता तर भाऊबीजेला आला नसता. माझ्यावर धरून यायचा तरी."

एवढं बोलून झोपले. मला झोप लागली नाही.

शिवकन्या

श्रीपेरुंबुदूर
९ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

फोन परत आले ते कळलं. तरी पत्रच लिहितो. आक्काचे सात मिस कॉल हायत, उचलले न्हाईत. तिला सांगा, मी रागावलोय. लई न्हाई. पन तीन वर्ष तुमच्याकडं पाठ करून जेवलो ते तिनं बगितलं आन वाढत ऱ्हायली, ते मला आजून गिळवत न्हाई. थोडे दिवस जाऊ दे. फोन मीच करीन.

तुमाला काय लिहावं ते कळत न्हाई. दोन कागद फाडले. कामाचं लिहितो.

चिरलेल्या वायरीला चिकटपट्टी लावून चालू केलं असंल तर ते टिकनार न्हाई. जमिनीतली जाड वायर मी इथनं आनतो, मॅडमनं उरलेली दिली, तसा कागद त्यांच्या सहीचा घेतलाय, न्हाईतर इथल्या गेटवर मलाच धरतील. प्रेसमधला पिवळा डबा काढून टाकायला सांगा. तिन्ही नव्या चालीचे पायजेत. सेटिंग मॅडम फोनवर सांगतील, मी त्यांच्या म्हनन्याप्रमानं करीन. मंग ट्रक उभा ऱ्हाऊ दे न्हाईतर नाचू दे, चित्र एका सेकंदाच्या वर जानार न्हाई.

आन खुर्चीसमोरचा तो नवा कॅमेरा लावायला बाहेरचा मानूस बोलावू नका. तो बी मीच लावतो. तुमच्यावर डोळा ठिवायचा असंल तर निदान नीट दिसंल असा लावतो. जेवनाच्या टायमाला तुमी खुर्ची कुठं सरकवता ते मला सांगून ठिवा.

रविवारी सकाळी गेवराईत उतरतो. स्टँडवर आक्काला आनू नका, एकटे या. वायरीचं भेंडोळं जड हाय, मोटारसायकलवर दोघांमंदी बसंल.

पाईपासाठी नवी चारी खांदावी लागंल, ऑफिसापासनं फाटकापर्यंत, चाकाच्या वाटंतनं बाजूला. मी यायच्या आदी खांदून ठिवू नका. दोघं मिळून खांदू, दिवसाढवळ्या, आन अण्णाला म्होरं खुर्ची टाकून बसवू. न्हाईतर म्हनंल, दाजी-मेव्हन्यानं मिळून फाटकात कायतरी पुरलं.

तुमचा,
उत्तरेश्वर